निंबा सरांचं चौथं प्रकरण

दिनांक १४ ऑगस्ट १९९७, गुरुवार. सकाळी साडेदहा. रक्कम रुपये दोन हजार नऊशे चौतीस. हजर माणसं तीन: निंबा सर, टायपिस्ट वानखेडे आणि मी. सरांच्या प्रबंधाची चारशे एकोणनव्वद पानं, पानाला सहा रुपये. वानखेडे मूळचे विदर्भातले. कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टाइप करायचे. आमच्या भागात मराठी टाइपरायटर त्यांच्याकडेच होता. सरांनी शंभराच्या एकोणतीस नोटा आणि वर चौतीस रुपये मोजून दिले. वानखेडे म्हणाले, "सर, दीड वर्ष टाइप करतोय. देव गेला, देव गेला. शेवटच्या पानापर्यंत वाट पाहिली, आता तरी येईल. आलाच नाही की हो!"

सर हसले. "आला असता तर तुमची पानं कमी झाली असती, वानखेडे."

सुरतेतल्या उधन्याच्या ज्या चाळीत मी राहायचो, तिथे सर सात नंबरच्या खोलीत आणि मी नऊ नंबरच्या. मी कापड मार्केटमध्ये एका पेढीवर मेताजी, म्हणजे हिशेबाच्या वह्या लिहिणारा. सर महापालिकेच्या मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवायचे. मूळ गाव माझ्यासारखंच खानदेशातलं. चाळीत बहुतेक घरं आमच्याकडचीच, लूमवर काम करणारी. सरांचं पूर्ण नाव, शिक्षण, नोकरी कधी लागली, हे सगळं मला माहीत आहे. पण ते त्यांच्या सर्व्हिसबुकात आहेच. मला लिहायचं आहे ते तिथे नसलेलं.

सर महानुभाव पंथाचे. कुणीही समोर आलं की हात जोडून "दंडवत" म्हणायचे. मला, पोस्टमनला, शाळेच्या इन्स्पेक्टरला, सगळ्यांना एकाच आवाजात. दूधवाला त्यांना 'दंडवत साहेब' म्हणायचा आणि त्याला ते आडनावच वाटायचं. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवाला हात जोडायचे नाहीत, त्याचा प्रसाद घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्या चाळीत खोल्या बावीस आणि देव मोजता न येण्याइतके. त्यामुळे वर्षातले बरेच दिवस सरांचं दार अर्धं लोटलेलं असायचं. सत्यनारायणाला बोलावलं तर यायचे, कोपऱ्यात बसायचे, मुलांचा अभ्यास विचारायचे आणि प्रसाद वाटायला सुरुवात झाली की उठायचे. सुरुवातीला लोकांना राग यायचा. पुढे पुढे प्रसादाचं ताट सात नंबर सोडून आठला जाऊ लागलं. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं, आणि सरांना वाटतं का, हे कुणी विचारलं नाही.

गणपतीच्या वर्गणीची गोष्ट सांगतो, कारण त्या मंडळाचा खजिनदार मी होतो. अध्यक्ष भटू, लूमवर जॉबर म्हणजे मुकादम, अंगानं आडवा आणि तोंडानं मोकळा. तो दरवर्षी सरांच्या दारात उभा राहायचा.

"सर, एकावन्न."

"गणपतीसाठी नाही देता येत, भटू. तुला माहीत आहे."

"तुमना देव आमना देवले नावं ठेवस का?"

"नाही रे. तो तसा नाही, मीच कडक आहे. बरं, मंडपाचं वायरिंग कुणाचं?"

"वायरमनचं."

"त्याचे एकावन्न घे. पावतीवर 'वायरिंग' लिही."

"अहो सर, वायरमधला करंट शेवटी बाप्पाच्या डोक्यावरच्याच दिव्यात जातो ना?"

"जातो. मी खांबापर्यंतचे देतोय."

भटू हसत माझ्याकडे यायचा आणि मी वेगळी पावती फाडायचो. सहा वर्षांच्या सहा पावत्या, सगळ्यांवर 'वायरिंग (खांबापर्यंत)'. हिशेब वाचताना सभेत हशा व्हायचा. सरही लांब उभे राहून हसायचे.

सरांची बायको शहाऐंशी साली गेली. तीन दिवसांचा ताप. मुलगी बारा वर्षांची. तिला शिरपूरला मावशीकडे ठेवलं आणि सर सुरतेत एकटे राहिले. एकोणनव्वद साली त्यांनी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय त्यांच्या पंथाचं ईश्वरशास्त्र, आणि त्यातही एकच शब्द: असन्निधान. माझ्या पत्नीनं एकदा त्याचा अर्थ विचारला.

सर म्हणाले, "वहिनी, आमच्यात असं मानतात की देव माणसाच्या रूपात आला, लोकांत राहिला, त्यांच्याबरोबर जेवला-खाल्ला आणि मग निघून गेला. तो जवळ होता ते सन्निधान. गेला, त्यानंतरचा सगळा काळ असन्निधान. आपण त्या काळात आहोत. आता मागे राहिलेल्यांनी कसं राहायचं, एवढाच विषय."

"मग कसं राहायचं?"

"आठवण ठेवून."

"एवढ्यासाठी एवढी पानं?"

"आठवण ठेवायला पानं लागतातच की," ते म्हणाले आणि चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवली. दुसऱ्याच्या घरी कपबशी विसळण्याची त्यांची सवय कधी गेली नाही.

खोलीत टेबल नव्हतं. पत्र्याच्या ट्रंकेवर पाट ठेवून लिहायचे. कागद शाळेतल्या जुन्या हजेरीपत्रकांचे, पाठकोरे. मी मार्केटमधून त्यांना साडीची रिकामी खोकी आणून द्यायचो. एका खोक्यात एक प्रकरण. खोक्यांवर नटलेल्या बायांची चित्रं, त्याखाली सरांच्या अक्षरात 'प्रकरण दुसरे : जीव', 'प्रकरण तिसरे : स्मरण'. चौथ्या प्रकरणाचं खोकं सगळ्यांत जाड. पाठीवर पदर घेतलेल्या नवरीचं चित्र असलेलं. 'माझा प्रबंध' असं सर कधी म्हणाले नाहीत. 'हे काम' म्हणायचे. काम कुठवर आलं, काम अडलंय, काम आज बरं झालं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा चाळ दीड दिवसात रिकामी झाली. जो तो बोचकी उचलून स्टेशनकडे. सर जाईनात. भटू दारात ओरडला, "सर, मरशात ना!" सर म्हणाले, "तू जा. किल्ली दे." अशा नऊ खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे जमल्या. माझ्या पत्नीनं किल्ली देताना सांगितलं, "सर, तुळशीला पाणी घाला आणि देवापुढे दिवा लावा."

सर तेवढ्या घाईतही थांबले. "वहिनी, तुळशीला घालीन, ते झाड आहे. दिवा माझ्याकडून नाही व्हायचा. हो म्हणून नंतर लावायचा नाही, त्यापेक्षा आत्ताच सांगतो."

ती रडवेली झाली. मलाही राग आला. अशा वेळी तरी माणसानं हो म्हणावं!

सतरा दिवसांनी आम्ही परतलो. किल्ल्या सुतळीला ओळीनं बांधलेल्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. आमच्या दाराशी तुळस हिरवीगार होती. देव्हाऱ्यासमोर कागद ठेवला होता: 'तुळस रोज एक तांब्या. देवांना हात लावलेला नाही. धूळ आहे, क्षमस्व.' पत्नीनं तो कागद वाचला आणि हसली. त्या दिवसापासून तिचा सरांवरचा राग गेला.

मी सरांना विचारलं, "एकटे काय करत होता?"

"चौथं प्रकरण मोठ्यानं वाचत होतो. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुका चांगल्या कळल्या."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पण सगळेच गेले तर परत कुणाकडे यायचं? एक माणूस मागे असलेला बरा."

आता मूळ गोष्टीवर येतो. टायपिंग झाल्यावर सरांनी मला एक काम सांगितलं. प्रबंधात तळटीपा खूप होत्या. कुठलं वाक्य कुठल्या पोथीतून, कुठल्या पानावरून घेतलं, ते खाली लिहायचं. हे आकडे वरच्या आकड्यांशी जुळतात का, ते तपासायचं. मला असल्या कामाचा कंटाळा नाही. तीन रविवार पट्टी ठेवून बसलो. टीपा एकूण सहाशे अकरा. तिसऱ्या रविवारी दुपारी मी म्हणालो, "सर, चारशे अठरा नंबर वर आहे, खाली रिकामा आहे. वानखेड्यांकडून राहिलं का?"

सरांनी चष्मा काढला. "नाही. तो रिकामाच आहे."

"व्हाउचर नाही?"

"तोंडी आहे."

चारशे अठरा नंबरचं वाक्य चौथ्या प्रकरणातलं होतं. अर्थ असा, की असन्निधान एका बाजूचं नसतं. मागे राहिलेल्याला जसं ते असतं तसं निघून गेलेल्यालाही असतं. देवालाही माणसांवाचून राहावं लागतं. हे सरांच्या गुरूंनी, विदर्भातल्या एका आश्रमाच्या महंतबाबांनी, त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. सरांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या कामात नवं असं हेच होतं. पहिली तीन प्रकरणं त्याच्याकडे जात होती आणि पुढची दोन त्यातूनच निघत होती.

मी म्हणालो, "मग बाबांचं नाव लिहा, साल लिहा. तोंडी म्हणून लिहा. आमच्याकडे मालकानं तोंडी सांगितलेलं असलं तरी खाली त्याची सही घेतो."

"परवानगी घ्यायला हवी. त्यांनी मला सांगितलं होतं, कागदाला नाही."

"आठ वर्षांत घेतली नाहीत?"

सरांनी चष्मा पुन्हा लावला. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवली होती. आता शेवटची तारीख ३१ डिसेंबर. सर अठ्ठावन्नाचे होत आले होते. चार महिने हातात होते आणि एकच टीप भरायची होती. मला ते काम सोपं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मला गावी जायचंच होतं. सर म्हणाले, "माझ्याबरोबर पुढे आश्रमापर्यंत चला. सोबत होईल." इतक्या वर्षांत त्यांनी सोबत मागितलेली ती एकच वेळ.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही आश्रमात पोचलो. बाबा नव्वदीच्या आसपासचे. अंगणात बाजेवर उन्हात बसून सुपारी कातरत होते. हात स्थिर, नजर बरी, कान तर माझ्यापेक्षा चांगले. सरांनी दंडवत घातला. बाबांनी लगेच ओळखलं. मुलगी कशी आहे, जावई काय करतो, सगळं विचारलं. मग सरांनी विषय काढला.

"बाबा, शहाऐंशी साली मी आलो होतो. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, असन्निधान एका बाजूचं नसतं. जाणाऱ्यालाही ते असतं. तेवढं तुमच्या नावानं लिहायची परवानगी हवी होती."

अडकित्ता थांबला. "मी म्हणालो?"

"हो बाबा. इथंच. तुम्ही असेच सुपारी कातरत होता."

"महिना कुठला?"

"चैत्र."

"तुझी मंडळी कधी गेली?"

"फाल्गुनात."

बाबांनी अडकित्ता बाजेवर ठेवला. मग म्हणाले, "मग म्हणालो असेन. तू तीन दिवस जेवला नव्हतास, निंबा. त्या खांबाला टेकून बसला होतास. तुला उठवून पानावर बसवायचं होतं. काहीतरी बोलावं लागलं."

"बाबा, ते निरूपण नव्हतं?"

"नव्हतं रे. कुठल्या पोथीत नाही. माझ्या गुरूंनी मला सांगितलेलं नाही. मी तुझ्यासाठी बोललो."

"म्हणजे ते खोटं?"

"खोटं कुठं म्हणतोय? शास्त्र नाही म्हणतोय. त्याखाली माझं नाव घालू नकोस." बाबांनी कातरलेली सुपारी तबकात सारली. "जेवलास ना तेव्हा?"

"जेवलो."

"मग त्याचं काम झालं. आता हात-पाय धुवा, दोघांसाठी पानं मांडायला सांगतो."

आम्ही जेवलो. सरांनी वाढलेलं सगळं संपवलं. पुन्हा घे म्हटल्यावर घेतलंही. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी गावी उतरणार होतो, पण उतरलो नाही. पत्नीला नंतर काय सांगायचं ते सांगितलं. नंदुरबार गेल्यावर मी बोललो. "सर, आमच्या धंद्यात व्हाउचर मिळालं नाही तर मालक ती रक्कम स्वतःच्या नावावर घेतो. तुम्ही हे वाक्य तुमच्या नावावर घ्या. विद्यापीठाला तर तेच हवंय. नवीन, स्वतःचं."

"माझ्या नावावर? देवाला काय वाटतं, हे मी सांगू?"

"बाबांनी सांगितलंच ना?"

"बाबांनी देवाचं नाही सांगितलं, रघुनाथभाऊ. त्यांनी मला जेवायला उठवलं. ते मला कळलं नाही. बायको गेली, तिलाही माझ्यावाचून राहावं लागत असेल, एवढं मी त्यात ऐकलं. आणि त्यावर चारशे एकोणनव्वद पानं लिहिली."

मग उधना येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. 

सरांनी अडचण कळवली होती, त्यावर विद्यापीठातल्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. भला माणूस होता. लिहिलं होतं: 'परंपरेत असे मानले जाते, एवढे शब्द घाला आणि पुढे जा. परीक्षक तिथे थांबणार नाहीत. सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करून पाठवा.' प्रतिज्ञापत्र एका पानाचं होतं: हे माझं स्वतःचं मूळ संशोधन आहे, वगैरे. तो कागद दोन महिने पाटावर होता. सर रोज त्याच्या बाजूला बसून मुलांच्या वह्या तपासायचे.

भटूला हे कुणाकडून तरी कळलं. तो येऊन म्हणाला, "सर, एक सही! माझ्या लूमवर रोज दहा सह्या होतात, न वाचता."

"म्हणून तुझं कापड परत येतं," सर म्हणाले. तो हसला, पण या वेळी सर हसले नाहीत.

मीही एकदा सांगितलं. "सर, मी तो आकडा दाखवायला नको होता. कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"तुम्ही नाही दाखवलात. तो रिकामा मीच ठेवला होता. आठ वर्षं रोज दिसत होता. विचारायला जायचं धाडस तुमच्यामुळे झालं, इतकंच."

त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं, हे मला माहीत आहे. तरी मी तपासणीचं काम आजही करतो आणि एखादी जागा रिकामी दिसली की आधी हात आखडतो. मग दाखवतो. न दाखवणं मला जमत नाही.

एकतीस डिसेंबरला बुधवार होता. मी पेढीवरून दुपारी शाळेत गेलो. सर सातवीला अपूर्णांक शिकवत होते. वर्गात मुलं चौदा. बाकीची गुजराती शाळेत गेलेली. खिडकीतून मला पाहून त्यांनी हात जोडले आणि फळ्याकडे वळले. विद्यापीठाचं ऑफिस पाचला बंद होणार होतं आणि प्रबंध अजून गेलेला नव्हता. पाच वाजेपर्यंत मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. का बसलो, ते सांगता येणार नाही.

मे महिन्याच्या शेवटी सर निवृत्त झाले. शिरपूरला मुलीजवळ जायचं ठरलं. भटूनं चाळीत निरोपाचा चहा ठेवला आणि आठवणीनं सांगितलं, "सर, नैवेद्य नाही दाखवलेला, निस्ता चहा शे." सर दोन कप प्याले.

जाण्याच्या दिवशी, ९ जून, मंगळवार, सकाळी ते मला म्हणाले, "बाइंडरकडे जायचंय, येता?" स्टेशनजवळ एका सुरती म्हाताऱ्याचं दुकान होतं. सगळी प्रकरणं एकत्र बांधून तयार होती, एकच प्रत, काळं कापड लावलेली. चौथं प्रकरण आत होतं. मी उघडून पाहिलं नाही, पण जाडीवरून कळत होतं.

"मुलीला वाचून दाखवणार आहे," सर म्हणाले. "तिची आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. मला जेवायला उठवायला बाबा होते. ती जेवली का, हे मी तेव्हा विचारलंच नाही. मावशीकडे ठेवून आलो."

म्हातारा सोनेरी अक्षरांचे ठसे घेऊन बसला होता. वरची ओळ त्यानं छापली, 'असन्निधान'. मग खाली काय नाव लिहू, म्हणून विचारलं, "साहेब, नीचे नाम शुं लखुं?"

"नाम नथी."

"लखनारनुं नाम तो होय ने?" लिहिणाऱ्याचं नाव तर असतंच, असं त्याचं म्हणणं.

सरांनी पुस्तकावरून हात फिरवला. "मने खबर नथी," ते म्हणाले. मला माहीत नाही.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.  त्यानं ठसे डब्यात परत टाकले. सरांनी पुस्तक पंच्यात गुंडाळलं, काखेत धरलं, मला दंडवत केला, म्हाताऱ्याला केला, आणि एका हातात ट्रंक घेऊन रस्ता ओलांडून स्टेशनात गेले. मी ट्रंक घेतो म्हणालो तर नको म्हणाले. मागे वळून पाहिलं नाही.

बांधणीचे पंचाहत्तर आणि अक्षरांचे ओळीला दहा, असे दोन ओळींचे मिळून पंच्याण्णव ठरले होते. एक ओळ कमी झाली. बाइंडरला पंच्याऐंशी रुपये दिले, ते सरांनीच दिले.